डावा कल्ला

सरकारनं सलून बंद केली त्याला अकरा आठवडे होत आले होते आणि शहरातल्या पुरुषांकडे पाहवत नव्हतं. मास्कच्या नाड्या केसांत गुंतायच्या, त्यामुळे मास्क काढताना माणसं कळवळायची. बँकेचा रोखपाल नाटकातल्या राजासारखा दिसायला लागला होता आणि त्याचा शिपाई राणीसारखा. साथ गंभीर होती, दवाखान्यात खाटा कमी पडत होत्या, रस्त्यारस्त्यावर पोलीस उभे होते. पण हे केसांना कोण समजावणार? ते आपले वाढतच होते.

अशा दिवसांत एका न्हाव्याला ताप आला.

न्हावीकाका साठीच्या आसपासचे. बाजारपेठेच्या टोकाला त्यांचं दोन खुर्च्यांचं दुकान. तपासणीत साथीचाच ताप निघाला, म्हणून त्यांना सरकारी विलगीकरण केंद्रात नेऊन ठेवलं. केंद्र म्हणजे बॅडमिंटनचा बंदिस्त हॉल. जाळ्या काढून तिथे खाटा मांडल्या होत्या आणि काकांची खाट नेमकी सर्व्हिसच्या रेघेवर आली होती. त्रास फारसा नव्हता. ताप, जरासा खोकला, आणि जेवण बेचव असल्याची तक्रार. तोंडाची चव गेलेल्या माणसानं ही तक्रार करावी, याचा नर्सला फार राग यायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या खाटेपासून दोन मीटरवर मोजणीबाई येऊन बसल्या.

मोजणीबाईंचं मूळ काम जनावरं मोजायचं. पशुसंवर्धन खात्यात त्यांची एकोणीस वर्षं नोकरी झाली होती. साथ आली तेव्हा वरून आदेश निघाला की 'गणनेचा अनुभव असलेले कर्मचारी तातडीने संपर्कशोधाच्या कामी घ्यावेत.' कशाची गणना, हे आदेशात नव्हतं. त्यामुळे शुक्रवारपर्यंत गाई मोजणाऱ्या बाई सोमवारपासून रोग्याच्या संपर्कात आलेली माणसं मोजायला लागल्या. कामाला त्या चोख होत्या. एक वासरू कमी भरलं म्हणून अख्खा गोठा तीनदा मोजणारी बाई ती.

"काका, गेल्या चौदा दिवसांत कुणाकुणाला भेटलात?" त्यांनी वही उघडली.

"कुणालाच नाही."

"घरी कोण असतं?"

"एकटाच आहे. बायको मुलीकडे गेली ती तिकडेच अडकली."

"आणि दुकानात?"

"दुकान बंद आहे ना! सरकारचा हुकूम आहे, ताई. तुम्हाला माहीत नाही?"

बाईंनी त्यांच्या उशाशी ठेवलेल्या पिशवीकडे पाहिलं. पिशवीतून कंगवा डोकावत होता. कंगव्यात केस होते. काळे, पांढरे आणि तांबूस.

"हे कुणाचे?"

"जुने असतील."

"यातले काही रंगवलेले आहेत."

काकांनी डोळे मिटून घेतले. दुखणं वाढल्यासारखं दाखवून पाहिलं, पण बाई उठेनात. शेवटी डोळे उघडून ते म्हणाले, "ताई, डॉक्टर कधी पेशंटचं गुपित फोडतो का? वकील अशिलाचं? चाळीस वर्षं लोकांनी माझ्या वस्तऱ्यापुढे मान दिलीय. आता मीच त्यांचा केसानं गळा कापू? जमायचं नाही."

"त्यांच्यातल्या कुणाला लागण झाली असेल तर? घरी म्हातारी माणसं असतील त्यांच्या."

काका छताकडे बघत म्हणाले, "मी मास्क लावून कापत होतो." मग जीभ चावली. "म्हणजे लावला असता. कुणी आलं असतं तर."

"किती जण आले असते?"

"वीस-बावीस तरी आले असते."

"त्यांची नावं?"

"आलेच नाहीत, तर नावं कुठली सांगू?"

यापुढे ते एक अक्षर बोलले नाहीत.

बाईंनी कचेरीत येऊन आरोग्य अधिकाऱ्यांना सगळं कळवलं. साहेब वरच्या मजल्यावर बसायचे आणि बाई खालच्या, पण नियमाप्रमाणे बोलणं स्क्रीनवरूनच व्हायचं. साहेबांच्या कानांवर हल्ली सदैव मोठाले हेडफोन असायचे. विमान चालवायला निघाल्यासारखे दिसायचे ते.

"नावं सांगत नाही ना? मग शून्य लिहा आणि मोकळ्या व्हा," साहेब घाईघाईनं म्हणाले.

"साहेब, शून्य कसं लिहू? तो स्वतः वीस-बावीस म्हणतोय."

"तापात माणूस काहीही बरळतो."

"ताप नव्हता, साहेब. मी तक्ता बघून आलेय."

"बाई, एका न्हाव्यामागे किती वेळ घालवणार? शून्य लिहा."

बाईंना हे विचित्र वाटलं. हेच साहेब एरवी दिवसाकाठी आकडे वाढवून मागायचे. पण शून्य लिहायला त्यांचा हात काही धजेना. त्यांनी ठाण्यातून एक हवालदार सोबत मागून घेतला आणि तडक न्हावीकाकांचं दुकान गाठलं.

दुकानाचं शटर खाली होतं, कुलपावर धूळ होती. फटीतून पाहिलं तर आत दोन्ही खुर्च्यांवर चादरी टाकलेल्या. सगळं अगदी कायद्याला धरून. पण मागच्या बाजूला सामानाची एक खोली होती आणि तिला गल्लीतून वेगळं दार होतं. त्या दाराच्या कडीवर धूळ नव्हती.

आत एक लाकडी खुर्ची, समोर खिळ्याला टांगलेला हातभर आरसा, आणि कोपऱ्यात केसांनी ठासून भरलेलं पोतं. खोलीत दिवा नव्हता. उजेड यायचा तो फक्त उजव्या भिंतीतल्या एका झरोक्यातून.

बाई खुर्चीत बसल्या. आरशात पाहिलं. चेहऱ्याची उजवी बाजू लख्ख दिसत होती, डावी अंधारात बुडालेली. त्या तशाच विचार करत बसल्या. साठीचा माणूस, चष्म्याचा नंबर वाढलेला, आणि डावीकडे अंधार. उजवा कल्ला तो बघून कापत असणार. आणि डावा? डावा अंदाजानंच!

त्यांनी सावकाश वळून दारात उभ्या असलेल्या हवालदाराकडे पाहिलं. कानावरचे केस व्यवस्थित कापलेले होते. शहरात कुणाचेच नव्हते इतके व्यवस्थित.

"हवालदार, जरा टोपी काढा."

"कशाला, मॅडम?"

"काढा तर."

हवालदारानं टोपी काढली. डावा कल्ला उजव्यापेक्षा चांगला अर्धा बोट वर होता.

"केस कुणी कापले?"

"बायकोनं," हवालदार झटकन म्हणाला.

"तुमचं लग्न कधी झालं?"

आपलं लग्नच झालेलं नाही, हे हवालदाराच्या लक्षातच आलं नव्हतं. त्यानं टोपी पुन्हा डोक्यावर चढवली. मग म्हणाला, "मॅडम, आई म्हणाली, असा अवतार घेऊन गुन्हेगार पकडायला जाशील तर लोक तुलाच पकडून देतील."

वहीत पहिला आकडा पडला.

मग तीन दिवस मोजणीबाई शहरभर लोकांचे कान बघत हिंडल्या. जनावरांच्या कानाला बिल्ले असतात, त्यामुळे समोर कुणी आलं की आधी कानाकडे बघायची त्यांना सवयच होती. शिवाय मास्कच्या नाड्यांमुळे कान कसे उठून दिसायचे! दुधाच्या रांगेत शाळेचे मुख्याध्यापक सापडले. बँकेत काचेपलीकडे मॅनेजर सापडले. 'घरीच राहा, सुरक्षित राहा' असं दिवसभर भोंग्यावरून ओरडत फिरणाऱ्या सरकारी गाडीचा ड्रायव्हर, तो तर खिडकीतून डोकं काढून मागे बघताना डावाच कान रस्त्याकडे करायचा.

बाई कुणाला रागवायच्या नाहीत. दोन मीटरवर उभ्या राहून फक्त हळूच म्हणायच्या, "डावा कल्ला."

समोरचा माणूस आधी कानावर हात न्यायचा. मग थापा मारायचा. मुख्याध्यापक म्हणाले, "आमच्या घराण्यात केस वाढतच नाहीत." मॅनेजर म्हणाले, "मी एका कुशीवर झोपतो, त्यानं झिजला असेल." ड्रायव्हर म्हणाला, "वाऱ्यानं उडाला." बाई ऐकून घ्यायच्या आणि मग सांगायच्या की न्हावीकाकांचा तपासणी अहवाल आलाय आणि तो चांगला नाही. हे ऐकलं की थापा तिथल्या तिथे विरून जायच्या. मुख्याध्यापकांच्या घरी ऐंशी वर्षांचे वडील होते. ते हातातल्या दुधाच्या पिशव्या तिथेच कठड्यावर ठेवून म्हणाले, "बाई, मी आता घरी जाऊ की नको?" शाळेतल्या एखाद्या पोरानं विचारावं तसं त्यांनी विचारलं. बाईंनी त्यांना तपासणीची चिठ्ठी लिहून दिली आणि अहवाल येईपर्यंत शाळेतल्याच एका वर्गात त्यांची राहायची सोय लावून दिली.

तिसऱ्या दिवशी आकडा बावीसवर गेला. काकांनी वीस-बावीसच सांगितले होते. हिशेब जुळला, म्हणून बाई खुशीत घरी आल्या.

घरी तिघंच माणसं. बाई, त्यांच्या सासूबाई आणि नवरा. नवरा शाळेत चित्रकला शिकवायचा, त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शाळा बंद असल्यामुळे मास्तर घरी बसून फोनवर मुलांना पेला, केळं आणि सफरचंद काढायला शिकवत होते. बाई हातपाय धुऊन जेवायला बसल्या. समोर मास्तर बसले होते. डोक्याला लोकरीची कानटोपी. बाहेर ऊन मी म्हणत होतं.

बाईंचा घास हातातच राहिला. ही कानटोपी त्या गेले नऊ दिवस बघत होत्या.

"अहो, टोपी काढा बरं."

"सर्दी आहे गं."

"शिंकताना तर दिसला नाहीत."

"आतल्या आत आहे."

"अगं, जेवू दे त्याला," सासूबाई मध्ये पडल्या. "त्याला लहानपणापासूनच कानात वारा सोसत नाही."

"आई, खिडक्या बंद आहेत. वारा कुठून येणार?"

 मास्तरांनी आईकडे पाहिलं, आईनं ताटाकडे पाहिलं. मग मास्तरांनी, फाशीचा कैदी दोरापुढे जातो तशा चेहऱ्यानं, टोपी उतरवली.

अर्धा बोट. थोडा जास्तच.

काखेत कळसा आणि गावाला वळसा! बाईंच्या अंगाचा तिळपापड झाला. "मी अख्ख्या शहराचे कान बघत उन्हातान्हात फिरतेय आणि माझ्या घरात हे! मला सांगायचं तरी!"

"तू सरकारी माणूस. सांगितलं असतं तर तुझ्यावर लिहायची वेळ आली असती. तुला धर्मसंकटात कसं टाकू?"

"कधी गेला होतात?"

"गेलो नव्हतो गं... पाठवलं मला."

"कुणी?"

सासूबाईंनी भाजीचं भांडं पुढे सरकवलं. "मी पाठवलं. त्याचे केस डोळ्यांत जात होते. एकदा तर त्यानं मुलांना केळं म्हणून काकडी काढून दाखवली. काय वाटलं असेल पोरांना? आणि आता दोघंही गप्प बसा. आधी जेवा."

जेवण झाल्यावर मास्तरांची रवानगी मागच्या खोलीत झाली. तिघांची तपासणी झाली. अहवाल येईपर्यंत बाईंनी स्वतःलाही घरात कोंडून घेतलं आणि वहीत तेविसाव्या ओळीत लिहिलं: 'नवरा.' नात्याच्या रकान्यातही तेच लिहावं लागलं.

आता उरलं होतं ते सगळं सरकारी संगणकात भरणं. घरच्या संगणकावर बाईंनी नमुना नऊ-ब उघडला. नाव, वय, पत्ता, तारीख, सगळं भरलं. पण सतरावा रकाना भरल्याशिवाय 'पुढे' हे बटण जागं होईना. सतरावा रकाना होता: 'सर्व संपर्कांत आढळलेले समान शारीरिक वैशिष्ट्य.' बाईंनी रिकामा सोडून पाहिला. टिंब टाकून पाहिलं. 'नाही' लिहून पाहिलं. संगणक म्हणे, किमान वीस अक्षरं हवीत. शेवटी बाई वैतागल्या आणि जे खरं होतं ते लिहून मोकळ्या झाल्या: 'डावा कल्ला उजव्यापेक्षा अर्धा बोट वर.' बटण जागं झालं. माहिती गेली.

ती गेली ती थेट राजधानीत. तिथे एक तज्ज्ञ समिती बसली होती आणि गेले तीन आठवडे तिच्या हाती नवीन काहीच लागलं नव्हतं. आणि आता हे! तेवीस माणसं, आणि तेवीसच्या तेवीस जणांत एकच खूण. शंभर टक्के! समितीतल्या कुणी आयुष्यात शंभर टक्के पाहिले नव्हते. कुणी विचारलं नाही की हे केस कापले कुणी. विचारायचं कारणच नव्हतं. सलून तर बंद होती.

चौथ्या दिवशी परिपत्रक निघालं. 'डाव्या बाजूचा कल्ला उजव्यापेक्षा वर असणे, हे साथीचे नवे लक्षण म्हणून अधिसूचित करण्यात येत आहे. नागरिकांनी रोज सकाळी कल्ले मोजावेत. ज्यांना कल्ले नाहीत अशा व्यक्तींना (उदा. महिला, बालके, टक्कल असलेले) लक्षणविरहित समजावे व त्यांची विशेष काळजी घ्यावी.'

मग जो काही कल्ला झाला, तो शब्दाच्या दोन्ही अर्थांनी झाला.

दुपारपर्यंत बाजारातल्या फूटपट्ट्या संपल्या. मदतीच्या फोनवर लोकांची रीघ लागली. "आरशात माझा डावा वर दिसतोय, म्हणजे खरा उजवा वर आहे ना? मग मी बरा आहे की आजारी?" फोनवरच्या मुलीनं स्वतः आरशासमोर उभं राहून पाहिलं आणि ती आणखीच गोंधळली. बँकेच्या दारात रखवालदार तापाचं यंत्र कपाळाला आणि फूटपट्टी कानाला लावूनच माणूस आत सोडायला लागला. टीव्हीवर एक गृहस्थ नकाशा घेऊन आले. विषाणू पश्चिमेकडून येतो आणि उत्तरेकडे तोंड करून उभ्या असलेल्या माणसाचा डावा कान पश्चिमेला येतो, असं ते पटवून देत होते. दुसऱ्या दिवशी लोक दक्षिणेकडे तोंड करून रांगा लावायला लागले. दूध केंद्र होतं उत्तरेला. त्यामुळे सगळी रांग पाठमोरी सरकायची.

सर्वांत मोठी पंचाईत घराघरांतून झाली. माणसाचे दोन कल्ले कधीच तंतोतंत सारखे नसतात, हे त्याआधी कुणी मोजून पाहिलंच नव्हतं. आता जो तो कात्री घेऊन बसला. डावा वर आहे म्हणून उजवा कापायचा, मग उजवा जास्त कापला गेला म्हणून डावा. डगमगतं टेबल सारखं करताना पाय कापत जावं, तसं चाललं होतं. संध्याकाळपर्यंत कल्ले कानांच्या वर गेले, दुसऱ्या दिवशी टाळूच्या वाटेला लागले. दवाखान्यात साथीच्या रोग्यांपेक्षा कान कापून घेतलेलेच जास्त यायला लागले. डॉक्टरांच्या नाकी नऊ आले.

पाचव्या दिवशी मास्तरांचा, सासूबाईंचा आणि बाईंचा अहवाल आला. तिघंही ठणठणीत होती. बाईंनी चपला घातल्या आणि तडक कचेरी गाठली. आज त्या स्क्रीनवर बोलणार नव्हत्या.

साहेबांच्या खोलीला आतून कडी होती. दाराला काच होती, त्यातून साहेब दिसत होते. खुर्चीत शाल पांघरून, कानांवर हेडफोन.

"साहेब, ते परिपत्रक मागे घ्यायला सांगा. ते लक्षण नाही. तो न्हाव्याचा अंधार आहे."

"मला माहीत आहे," काचेआडून क्षीण आवाज आला.

"माहीत आहे? मग आतापर्यंत गप्प का बसलात?"

 साहेबांनी दोन्ही हातांनी हेडफोन वर उचलले आणि टेबलावर ठेवले. मग मान जरा उजवीकडे वळवली.

बाईंनी काचेला नाक लावून पाहिलं. मग वही उघडली. "चोवीस लिहू?"

"लिहा," साहेब म्हणाले. "सलून बंदीच्या हुकमावर सही माझी आहे हो, बाई. सही केली तेव्हा केस बरे होते. मग दर आठवड्याला टीव्हीसमोर जावं लागायचं. आमची आई रोज म्हणायची, 'टीव्हीवर फार ओंगळ दिसतोस, लोकांना वाटेल सरकारच आजारी आहे.' एकदाच गेलो. गल्लीच्या दारानं. काकांनी ओळखसुद्धा दाखवली नाही, इतका भला माणूस." त्यांना खोकला आला. तो थांबल्यावर म्हणाले, "तीन दिवस झाले, तापही आहे. घरी गेलो नाही. आई घरीच असते."

बाई त्यांची बिनपाण्यानं करायच्या तयारीनंच जिना चढल्या होत्या. पण टेबलाखाली गुंडाळलेलं अंथरूण आणि खिडकीत वाळत टाकलेला शर्ट त्यांना दिसला. त्या एवढंच म्हणाल्या, "आधी तपासणीवाल्यांना बोलावते. तोवर तुम्ही राजधानीला फोन करा. आणि खरं सांगा."

साहेबांनी फोन लावला. बाई दाराबाहेर उभ्या राहून एकच बाजू ऐकत होत्या. "होय सर... न्हावी, सर. केस कापणारा... नाही सर, विषाणू नाही, झरोका. झ-रो-का... होय, मीसुद्धा..." मग बराच वेळ साहेब नुसतेच ऐकत होते. फोन ठेवला तेव्हा त्यांचा चेहरा गोंधळलेला होता.

"काय म्हणाले?"

"म्हणाले, लक्षण मागे घेता येणार नाही. मागे घेतलं तर आधी का जाहीर केलं याचा खुलासा द्यावा लागेल. पण लोक स्वतः कल्ले मोजताना कान कापून घेतायत, याची त्यांना काळजी आहे. त्यामुळे यापुढे कल्ल्यांची तपासणी आणि समानीकरण फक्त प्रशिक्षित व्यक्तींकडूनच व्हावं, असा सुधारित आदेश काढतायत."

"प्रशिक्षित म्हणजे कोण?"

"तेच मी विचारलं. ते म्हणाले, कात्री चालवायचा पाच वर्षांचा अनुभव हवा."

दोघंही काचेच्या दोन बाजूंनी एकमेकांकडे बघत राहिले. पहिल्यांदा बाई हसल्या. मग साहेब हसले, आणि त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली.

त्या आठवड्यात शहरातल्या सगळ्या न्हाव्यांना 'कल्ला समानीकरण कर्मचारी' अशी ओळखपत्रं मिळाली. दुकानं उघडली. खुर्च्या दोन मीटरवर, दारं-खिडक्या सताड उघड्या, तोंडाला मास्क, चेहऱ्यापुढे काच. आणि कुठल्याही खुर्चीवर दोन्ही बाजूंनी भरपूर उजेड पाहिजे, ही अट बाईंनी स्वतःच्या अक्षरात लिहून दिली होती. कर्मचाऱ्यानं कल्ले सारखे करायचे, एवढंच हुकमात होतं. पण कल्ले सारखे करताना बाकीचे केस आड येतात, ते बाजूला करावेच लागतात, असं सगळ्या न्हाव्यांचं एकमत झालं.

चोवीस जणांपैकी तिघांना लागण निघाली. बँकेचे मॅनेजर, भोंग्याच्या गाडीचा ड्रायव्हर आणि साहेब. तिघंही बॅडमिंटनच्या हॉलमध्ये काकांच्या शेजारच्या खाटांवर आले. मॅनेजरना दोन दिवस प्राणवायू लावावा लागला, तेव्हा हॉलमध्ये कुणी मोठ्यानं बोललं नाही. ड्रायव्हरचा घसा बसला होता, त्यामुळे तोही गप्प होता. पण सगळे वेळेत सापडले होते. मॅनेजर तिसऱ्या दिवशी उठून बसले आणि पहिली तक्रार जेवणाचीच केली. तेव्हा मात्र नर्स हसली. तिघांच्याही घरी दुसरं कुणी आजारी पडलं नाही. मुख्याध्यापकांचे वडील तर आपल्यावरून एवढी धावपळ झाली, यावर बेहद्द खूश होते.

काका बरे होऊन दुकानात आले, त्या दिवशी गर्दीवर लक्ष ठेवायला मोजणीबाई दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. सातव्या नंबरला साहेब आले. चार किलो उतरले होते, कानांवर काही नव्हतं. खुर्चीत बसले. काकांनी त्यांच्या गळ्याभोवती स्वच्छ चादर बांधली आणि अदबीनं विचारलं, "साहेब, आमच्या दुकानात पहिल्यांदाच येताय?"

साहेबांनी आरशातून बाईंकडे पाहिलं. बाईंनी रस्त्याकडे.

"तसं नाही म्हणता यायचं," साहेब म्हणाले.

"मग मला आठवत नाही हो," काका म्हणाले आणि कात्री उचलली.

महिन्याभरात राजधानीतून शेवटचं परिपत्रक आलं. देशभरातल्या सर्व नागरिकांचे कल्ले आता समान आढळले असून, या लक्षणाचं संपूर्ण उच्चाटन करण्यात सरकारला यश आलं आहे, असं त्यात म्हटलं होतं. समितीला प्रशस्तिपत्र मिळालं. सतरावा रकाना नमुन्यातून गुपचूप काढून टाकण्यात आला.

साथ ओसरली तशी मोजणीबाईंना मूळ खात्यात परत पाठवण्याचा आदेश आला. निघायच्या दिवशी सासूबाईंनी डबा भरून दिला आणि मास्तर बसपर्यंत पिशवी घेऊन आले. शहराबाहेर एका मोठ्या गोठ्यावर त्यांची पहिली नेमणूक होती. बाईंनी वही काढली आणि पहिल्या गाईपासून सुरुवात केली. दोनशे बारा गाई. त्यांनी एकदाच मोजल्या आणि आकडा एका फटक्यात जुळला. एकाही गाईनं काही लपवलं नाही, एकीनंही कारणं सांगितली नाहीत. बाई वही मिटून गव्हाणीच्या कट्ट्यावर टेकल्या, डबा उघडला आणि कित्येक महिन्यांत पहिल्यांदा अगदी निवांत जेवल्या.